न्यू फोल्डर (७)चं काय करायचं? घरच्या कॉम्प्युटरवर फोटो लावण्याची रीत

इंदूरच्या रामबागेत आमच्या ओळखीत कोणाकडे नवा लॅपटॉप आला की आठवडाभरात मला बोलावणं येतं. "ताई, जरा फोटो सुंदर करायला शिकव ना." लॅपटॉप उघडावा तर समोर 'न्यू फोल्डर', 'न्यू फोल्डर (२)' अशी सातापर्यंत रांग. त्याखाली नातवाने केलेला 'मम्मी का मोबाइल', मग 'मम्मी का मोबाइल पुराना', आणि शेवटी 'फायनल'. 'फायनल' उघडलं की आत पुन्हा एक 'न्यू फोल्डर'. मी पुढ्यातले पोहे संपवते आणि सांगते, सुंदर करणं आज नाही. आज आणि पुढचे तीन-चार रविवार नुसतं आवरायचं.

हे सगळं मी विंडोज धरून लिहिते आहे, कारण बहुतेकांच्या घरी तेच असतं. सामान थोडंच लागतं: मोबाइलची केबल, एक टीबीची बाहेरून जोडायची हार्ड डिस्क, आणि 'डिजिकॅम' नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. केबलबद्दल एक सांगून ठेवते. काही स्वस्त केबलींमधून फक्त चार्जिंग होतं, फोटो येत नाहीत. अर्धा तास डोकं खाजवण्याआधी केबल बदलून बघा.

आधी आवक

'फोटो' नावाचा एक मोठा फोल्डर करा आणि त्याच्या पोटात 'आवक' नावाचा दुसरा. हिशेबाच्या वहीत असते तीच आवक. बाहेरून येणारा प्रत्येक फोटो आधी इथे उतरायचा, मग आपल्या जागी जायचा. मोबाइल जोडल्यावर तो बहुधा नुसता चार्ज होऊ लागतो. वरची पट्टी खाली ओढून 'फाइल ट्रान्सफर' निवडा, म्हणजे तो कॉम्प्युटरवर दिसेल. कॅमेऱ्याचे फोटो 'डीसीआयएम' या फोल्डरात असतात. आयफोन असेल तर फोटो 'एचईआयसी' प्रकारात येतात आणि काही कॉम्प्युटरवर उघडत नाहीत. त्यासाठी फोनच्या सेटिंगमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, आणि तिथे 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडायचं. पुढचे फोटो साध्या जेपेगमध्ये येतील.

आता एक गोष्ट पाटीवर लिहून ठेवा: कॉपी करायचं, कट नाही. भाच्याच्या मुंजीचे फोटो मी कट करून पेस्ट करत होते. मध्येच कोपराचा धक्का लागून केबल निघाली. काही फोटो इकडे आले, काही तिकडे राहिले, आणि मातृभोजनाचे तेवढे दोन्हीकडून गेले. चूक माझीच, पण वहिनी अजून त्याचा उल्लेख करते. म्हणून आधी कॉपी. मग दोन्हीकडचे फोटो निवडून 'प्रॉपर्टीज'मध्ये फाइलींची संख्या आणि एकूण आकार ताडून बघा. दोन्ही जुळले, चार-पाच फोटो उघडून बघितले, आणि हार्ड डिस्कवर दुसरी प्रत गेली, की मगच मोबाइलवरून पुसा.

लग्नाच्या फोटोग्राफरने दिलेल्या सीडी-डीव्हीडी कपाटात असतील तर त्या सगळ्यांत आधी उतरवा. तबकड्या जुन्या झाल्या की वाचता येईनाशा होतात, आणि नव्या लॅपटॉपला तबकडी घालायची फटच नसते. बाहेरून जोडायचा ड्राइव्ह जेल रोडच्या दुकानांत विचारा, नाहीतर कोणाचा तरी उसना आणा. तो लागतो एकदाच.

फोल्डरला नाव देताना

आपण तारीख बोलतो तशी लिहिली, म्हणजे आधी दिवस, मग महिना, मग वर्ष, तर कॉम्प्युटर सगळ्या वर्षांच्या अठ्ठावीस तारखा एका रांगेत बसवतो. म्हणून उलटं लिहायचं. वर्ष, महिना, दिवस, आणि पुढे मराठीत प्रसंग: '२०२३-०९-२८ अनंत चतुर्दशी झांकी', '२०२४-०३-३० रंगपंचमी गेर राजवाडा'. (झांकी म्हणजे मिरवणुकीतला सजवलेला चित्ररथ, आणि गेर म्हणजे रंगपंचमीला रंग उधळत निघणारी मिरवणूक.) महिना एक आकडी असला तर त्याच्या आधी शून्य हवंच. आकडे मी इथे देवनागरीत छापते आहे, पण कॉम्प्युटरवर इंग्रजी आकडे बरे, कारण मोबाइल फाइलींना तेच देतो. नाव मात्र खुशाल मराठीत लिहा. विंडोजला देवनागरी नीट कळते.

वर्षाचा एक फोल्डर, त्यात प्रसंगांचे फोल्डर. बस. 'सण', 'त्यात गणपती', 'त्यात घरचा', 'त्यात आरती' असे कप्प्यात कप्पे करत बसू नका. दोन वर्षांनी आपल्यालाच आठवत नाही की गणपतीत आलेल्या पाहुण्यांचे फोटो 'सण'मध्ये आहेत की 'पाहुणे'मध्ये. तारीख एकच असते, तिच्यावर वाद होत नाही.

निदान होऊ नये. पण होतो, कारण एका फोटोला तीन तारखा असतात. 'क्रिएटेड' म्हणजे तो या डिस्कवर कधी उतरला. 'मॉडिफाइड' म्हणजे फाइलीत शेवटचा बदल कधी झाला. आपल्याला हवी ती तिसरी, 'डेट टेकन', म्हणजे फोटो खरंच कधी काढला. (आम्ही इंदूरकर फोटो 'काढतो' तसा 'खेचतो'सुद्धा. पुण्याची मावशी हसते, हसू दे.) ही तिसरी तारीख कॅमेरा फोटोच्या पोटातच लिहून ठेवतो. ती दिसण्यासाठी फोल्डरचं दृश्य 'डिटेल्स' करा, वरच्या पट्टीवर राइट क्लिक करा आणि यादीतून 'डेट टेकन' निवडा.

व्हॉट्सअॅपवर आलेल्या फोटोच्या पोटातली ही माहिती वाटेतच पुसली जाते. फाइलीच्या नावात आठ आकडी तारीख असते आणि तिच्यानंतर 'डब्ल्यूए' ही अक्षरं असतात. पण ती तारीख फोटो तुमच्याकडे आल्याची, काढल्याची नाही. काकांनी २०२१ मध्ये १९९४ च्या लग्नाचा फोटो पाठवला की तो मुकाट २०२१ मध्ये जाऊन बसतो. असे फोटो हाताने हलवायचे. त्यांवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज', मग 'डिटेल्स', आणि तिथे 'डेट टेकन'च्या चौकटीत खरी तारीख भरायची. एकदम वीस फोटो निवडूनही भरता येते.

जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांचा आणखी एक खोडसाळपणा. बॅटरी पार उतरली की घड्याळ मागे जातं आणि दिवाळीचे फोटो एक जानेवारीचे म्हणून निघतात. डिजिकॅममध्ये 'टाइम अॅडजस्ट' आहे. एका फोटोची खरी वेळ कळली की फरक काढून सगळ्या फोटोंना एका दमात तेवढंच पुढे सरकवता येतं. खरी वेळ कशी काढायची? त्याच प्रसंगाचा कोणाच्या तरी मोबाइलमधला फोटो मागवा. नाहीतर फोटोतलं भिंतीवरचं घड्याळ बघा. गांधी हॉलचा मनोरा मागे आला असेल तर त्याचं घड्याळही चालेल, ते त्या दिवशी चालू असलं तर.

चाळण

गुड मॉर्निंगची फुलं, लाइट बिलाचे स्क्रीनशॉट, खिशातून निघालेले काळे फोटो, हे पहिल्या फेरीत. याला विचार लागत नाही. दुसऱ्या फेरीत जुळे शोधायचे. डिजिकॅममध्ये 'फाइंड डुप्लिकेट्स' आहे, तो सारखे फोटो शेजारी-शेजारी आणून ठेवतो. दोघांत मोठा ठेवायचा. बारा मेगापिक्सेलच्या मोबाइलचा मूळ फोटो सुमारे ४००० बाय ३००० ठिपक्यांचा असतो. व्हॉट्सअॅपवरून साध्या पद्धतीने आला की त्याची लांब बाजू सोळाशेच्या आसपास उरते. मूळच हवा असेल तर पाठवणाऱ्याला सांगा, "फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव." हे वाक्य नातेवाइकांना तीन-तीनदा सांगावं लागतं. तरी सांगा.

तिसरी फेरी अवघड. एकाच ग्रुपचे नऊ फोटो, आणि प्रत्येकात कोणीतरी डोळे मिटलेले. मी देखाव्यांच्या बाबतीत निर्दय आहे. मांडूच्या जहाजमहालाचे चाळीस फोटो कोणालाच नकोत, तीन पुरेत. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा हललेला, अंधारलेला फोटोसुद्धा मी पुसत नाही. पाककृतीच्या वहीत वाकून बघणारी आई, मागे टाकीवर ठेवलेली तिची चष्म्याची डबी... असं काय कामाचं निघेल हे आज सांगता येत नाही.

नावं लिहा, आणि आत्ता लिहा

नामवंत छायाचित्रकार लाला दीनदयाळ १८७० च्या दशकात इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीला होते आणि इथेच त्यांनी कॅमेरा हातात धरला. जड काचेच्या प्लेटी, रसायनं, एकेका चित्रामागे केवढा उपद्व्याप. तरी त्यांच्या जुन्या छापांवर क्रमांक आणि जागेचं नाव काचेवरच लिहिलेलं दिसतं. म्हणून दीडशे वर्षांनी आपल्याला कळतं की इमारत कोणती. आपल्याकडे मात्र कळफलक समोर असतो आणि फाइलीचं नाव 'आयएमजी ४४१७'.

आमच्याकडे एक फोटो आहे, कृष्णपुरा छत्रीच्या (होळकरांच्या स्मारकाच्या) पायऱ्यांवर बसलेले सहा पुरुष. टोप्या, कोट, एकाच्या मांडीवर मूल. पाच ओळखले गेले. डावीकडून तिसरा कोण, हे घरात आज कोणालाही ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक होतं त्यांना आम्ही वेळेवर विचारलं नाही.

लिहायचं कुठे? तेच राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'डिटेल्स'. तिथे 'टायटल' आणि 'कॉमेंट्स' या चौकटी आहेत, त्यांत मराठीत टाइप करा. जेपेग असेल तर हे फोटोच्याच पोटात राहतं. डिजिकॅममध्ये 'कॅप्शन' आहे, पण त्याच्या सेटिंगमधल्या 'मेटाडेटा' भागात कॅप्शन आणि नावं फाइलीतच लिहावीत असं निवडलेलं आहे ना, ते एकदा बघा. नाहीतर ती सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या वहीत राहतात आणि कॉम्प्युटर बदलला की मागे सुटतात. आणि फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवला की हे लिखाणही जातं. म्हणून मी प्रत्येक फोल्डरात 'माहिती' नावाची एक साधी टेक्स्ट फाइलही ठेवते.

काय लिहायचं, यावर थोडं थांबते, कारण इथेच सगळे फसतात. 'मावशी' असं लिहू नका. मावशी कोणाची? तुमची ती तुमच्या मुलीची मावशी-आजी, आणि नातीला कोणीच नाही. 'माई' लिहू नका. आमच्याच घराण्यात तीन माई, दोन अक्का आणि एकाच वेळी दोन नाना होऊन गेले. पूर्ण नाव लिहा, कंसात घरचं नाव. बायकांच्या बाबतीत माहेरचं नाव आणि सासरचं नाव, दोन्ही. आपल्याकडे लग्नात आडनावच काय, कधीकधी पाळण्यातलं नावही बदलायचं. १९५० चा फोटो आणि १९६० चा फोटो यांतली बाई एकच आहे, हे नाव वाचून कळत नाही. मग डावीकडून उजवीकडे क्रमाने, मागची रांग, पुढची रांग. जागा लिहा. खात्री नसेल तिथे प्रश्नचिन्ह टाका. चुकीचं नाव ठामपणे लिहिलेलं असलं की पुढे तेच खरं होऊन बसतं.

डिजिकॅम चेहरेही ओळखतो, तेही तुमच्याच कॉम्प्युटरवर, फोटो इंटरनेटवर न पाठवता. काही फोटोंना नाव दिलं की पुढचे तो सुचवतो. सख्ख्या बहिणींमध्ये गोंधळतो, पण तो गोंधळ तर आमच्या आत्याचाही होतो.

अल्बममधले जुने फोटो

फ्लॅटबेड, म्हणजे सपाट काचेचा, स्कॅनर मिळाला तर ६०० डीपीआयवर (एका इंचात ६०० ठिपके) ठेवा. साडेतीन बाय पाच इंचांचा फोटो त्यावर २१०० बाय ३००० ठिपक्यांचा होतो, एवढा पुरे. आधी काच मऊ फडक्याने पुसा. काचेवरचा एक केस चाळीस फोटोंवर येतो. चिकटलेले फोटो अल्बममधून ओढून काढू नका, पानासकट स्कॅन करा. स्कॅनर नसेल तर खिडकीशी, उन्हात नव्हे तर उजेडात, फोटो सपाट ठेवा आणि फ्लॅश बंद करून मोबाइल अगदी समांतर धरून काढा.

आणि फोटो पालथा घालून मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, आजोबांच्या अक्षरातली तारीख, 'चि. बाळास' अशी ओळ, सगळं मागेच असतं. स्कॅन केलेल्या फाइलीवर 'डेट टेकन' रिकामी असते किंवा स्कॅनच्या दिवसाची पडते, तिथे खरी तारीख भरायला विसरू नका. नक्की साल माहीत नसेल तर फोल्डरच्या नावात '१९५५ सुमारे' असं लिहा.

आता सुंदर करणं

मूळ फाइलीला हात लावायचा नाही. जेपेग प्रत्येक वेळी बदलून सेव्ह केली की थोडी-थोडी झिजते. म्हणून सुधारलेला फोटो नेहमी 'सेव्ह अॅज कॉपी' करून नव्या नावाने ठेवा. मी मूळ नावापुढे 'सुधारित' जोडते. पुन्हा काही बदलायचं झालं तर पुन्हा मुळापासून सुरुवात करायची, सुधारितावर सुधारित नको.

विंडोजचं साधं 'फोटोज' सुरुवातीला पुरतं. क्रम असा: आधी फोटो सरळ करा, मग कडा कापा, मग उजेड, मग रंग. तीक्ष्णता सगळ्यात शेवटी, तीही चिमूटभर. सरळ करणं एवढ्यानेच निम्मे फोटो सुधारतात. राजवाड्याचे सात मजले एका बाजूला कलले की डोळ्याला खुपतं, पण नेमकं काय खुपतं ते कळत नाही.

उजेडासाठी 'एक्स्पोजर'च्या आधी 'शॅडोज' वाढवून बघा. पाठीमागे खिडकी आणि पुढे काळवंडलेली माणसं, अशा फोटोत चेहरे वर येतात आणि खिडकी जळत नाही. पांढरी जळून सपाट झालेली जागा मात्र कुठल्याच पट्टीने परत येत नाही. नऊवारीची किनार जळली ती जळली.

अनंत चतुर्दशीच्या रात्री निघणाऱ्या गिरण्यांच्या झांक्या इंदूरकरांनी हजारदा टिपलेल्या असतात, आणि बहुतेक फोटो केशरी, दाणेदार. अशा फोटोत 'वॉर्म्थ'ची पट्टी थंडाकडे थोडी न्या. किती? पांढरा सदरा किंवा गांधी टोपी शोधा आणि ती पांढरी दिसेपर्यंत. पण पूर्ण पांढरी नको. दिव्यांची रात्र होती, तिचा पिवळेपणा थोडा राहिला पाहिजे, नाहीतर झांकी दुपारी निघाल्यासारखी वाटते. दाणे घालवायला 'नॉइज रिडक्शन' डिजिकॅमच्या एडिटरमध्ये आहे. जास्त लावलं तर चेहरे मेणाचे होतात. सराफ्यात, म्हणजे आमच्या रात्रीच्या खाऊबाजारात, काढलेल्या फोटोंचं दुखणं वेगळं. एका दुकानाचा दिवा पिवळा, शेजारचा निळसर. दोन्ही एकदम बरोबर होत नाहीत. तेव्हा माणसाच्या कातडीचा रंग धरा, भुट्ट्याच्या किसाचं काय व्हायचं ते होवो.

गेरच्या फोटोंत नवशिक्यांचा हात हमखास 'सॅच्युरेशन'वर जातो. हवेत आधीच मणभर गुलाल आहे, त्यात आणखी रंग ओतला की लाल आणि गुलाबी यांचा एकच चिखल होतो. उलट रंग थोडा उतरवा आणि 'कॉन्ट्रास्ट' किंचित वाढवा, मग धुळीतली माणसं सुटी दिसू लागतात.

जुन्या फोटोंवरच्या रेघा आणि बुरशीचे ठिपके घालवायला 'गिंप' हे दुसरं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यातलं 'हील' हत्यार शेजारच्या चांगल्या जागेचा पोत उचलून डागावर बसवतं. भिंत, आकाश, जमीन दुरुस्त करा. डोळे-ओठ यांवर जपून. आणि हल्ली एका बटणात काळा-पांढरा फोटो रंगीत करून देणारी मशिनं निघाली आहेत, त्यांच्याबद्दल माझं मत वाईट आहे. पणजीचं लुगडं माहेश्वरी होतं की इरकल, आणि काठ कुठल्या रंगाचा, हे त्या मशिनला कसं ठाऊक? ते अंदाजाने रंगवतं आणि पुढची पिढी तोच रंग खरा धरते. करायचंच असेल तर वेगळी प्रत करा आणि नावातच 'मशीनने रंगवलेला' असं लिहा.

छापायला देताना

मोबाइलचा फोटो चारास तीन या प्रमाणात असतो आणि चार बाय सहाचा कागद तिनास दोन. म्हणजे कुठेतरी कापावंच लागतं. तुम्ही कापलं नाही तर दुकानातलं मशीन कापतं. सासूबाईंच्या पंच्याहत्तरीचे फोटो मी तसेच देऊन आले, तर मागच्या रांगेतल्या तीन जावयांची डोकी कपाळापासून गायब. तेव्हापासून मी घरूनच तिनास दोन कापून नेते. या आकाराच्या चांगल्या छपाईला १८०० बाय १२०० ठिपके लागतात, म्हणजे मोबाइलच्या मूळ फोटोला काहीच अडचण नाही. भिंतीवरच्या मोठ्या फ्रेमसाठी व्हॉट्सअॅपचा फोटो मात्र नेऊ नका.

तीन प्रती

एक कॉम्प्युटरवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक घराबाहेर. बाहेरची प्रत इंटरनेटवर ठेवू शकता, पण गूगलची फुकटची जागा पंधरा जीबी आहे आणि तीत तुमचे मेलही मावायचे असतात. चार-चार एमबीचे फोटो धरले तर पावणेचार हजारांच्या आसपास भरते. मी दुसरी हार्ड डिस्क धाकट्या बहिणीकडे ठेवली आहे आणि दिवाळी-भाऊबीजेला अदलाबदल करते. पेन ड्राइव्ह ने-आण करायला ठीक, वर्षानुवर्षं साठवायला नको. हार्ड डिस्क काम झालं की काढून ठेवा. सतत जोडलेली असली तर व्हायरस आला की दोन्ही प्रती एकदम जातात.

येत्या रविवारी लॅपटॉप चार्ज करून मी आत्याकडे जाणार आहे. तिला मोबाइलवर फोटो दिसत नाहीत, म्हणून छत्रीच्या पायऱ्यांवरचा तो फोटो 'शॅडोज' वाढवून, चेहरे मोठे कापून वेगळे करून ठेवले आहेत. तिसऱ्याच्या फाइलीचं नाव सध्या '१९५५ सुमारे, कृष्णपुरा, डावीकडून तिसरा ?' असं आहे.